पुढची सीट

अमेरिकेत चँडलरला यायला निघाले तेव्हा विमानतळापर्यंत गावातली जीप केली होती. पुढं ड्रायव्हरशेजारी भावजी, मागं मी आणि थोरल्या जाऊबाई. आमचे हे गेल्यावर मंगेशनं, माझ्या लेकानं, मला बोलावून घेतलं होतं. जाऊबाई माझा हात सोडेनात. म्हणाल्या, "सुनेशी तुटकपणे वागू नकोस गं. तुझा स्वभाव आम्हाला ठाऊक आहे, तिला नाही."

तुटकपणे म्हणजे काय, ते आईनं लहानपणीच सांगितलं होतं. दारी आलेल्या माणसाला पाणी देऊन मी लाजून आत पळायचे. आई म्हणायची, "पाणी दिलंस, पण 'बसा' म्हणाली नाहीस. असं तुटकपणे देऊ नये. तहान भागते, पण माणूस उभाच राहतो."

चौथीनंतर शाळा सुटली, लाजणं काही सुटलं नाही.

सून श्वेता नागपूरची, बोलकी. ऑफिस करून दमलेली असली तरी मला ग्रोसरीला न्यायची, देवळात न्यायची. वाटेत काहीबाही विचारायची. मी "हो", "चालेल", "नको" एवढंच म्हणायचे. आणि गाडीत मागं बसायचे. आमच्याकडे बायका मागंच बसतात. त्यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

एकदा मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि पलीकडे श्वेता फोनवर तिच्या आईशी बोलत होती. "वर्ष होत आलं गं. किती तुटकपणे वागतात! मागे जाऊन बसतात, मी जशी काही टॅक्सी ड्रायव्हर. मी आवडतच नाही त्यांना. करमत नसेल तर मंगेशला त्यांचं परतीचं तिकीट काढायला सांगते."

हातात तिचाच कुर्ता होता. राग आला नाही. पोर वर्षभर दारात उभी होती, असंच वाटलं.

शनिवारी ग्रोसरीला निघालो. मी मनाचा हिय्या करून पुढचं दार उघडलं, आपल्याकडच्यासारखं डावीकडचं. बघते तर समोर स्टेअरिंग! मागं श्वेता चावी घेऊन उभी.

"आई, आज तुम्ही ड्राइव्ह करता का?"

मी पदर तोंडाला लावला, तरी हसू आवरेना. तीही गाडीला टेकून हसत सुटली.

"तुझ्याशेजारी बसायचं होतं," मी म्हणाले.

 ती पलीकडच्या बाजूला गेली, सीटवरची पर्स उचलली, हातानं सीट झटकली.

"बसा ना, आई."

पट्टाही तिनंच लावला. पुढं बसल्यावर मला एक कळलं. तिथं दोघींचे डोळे रस्त्यावर असतात, आणि कुणी तोंडाकडे बघत नसलं की मला बोलता येतं. त्या दिवशी मी तिला जीप सांगितली, आईचं पाणी सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली की ती म्हणायची, "मग?"

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. निघतो तो जाऊबाईंना इकडं आणायचा.

गावातलं घर आहेच. जाऊबाई ते झाडतात, सारवतात, म्हणून ते घर आहे. पण इथल्या बायका विचारतात, घराची आठवण येते का, तेव्हा मला आधी गाडीतली ती उन्हानं तापलेली पुढची सीट आठवते. श्वेता अजून ती हातानं झटकते आणि मी बसेपर्यंत दार धरून उभी राहते.