दाताने पारखणारे साडभाऊ

जगात कुठलीही वस्तू बिघडावी आणि माझ्या साडभाऊंना, म्हणजे मेव्हणीच्या नवऱ्याला, तिचं दुखणं कळू नये, असं आजवर घडलेलं नाही. आणि या एका गुणापायी मी त्यांच्यावर वीस वर्षं मनापासून जळत आलो आहे. आमगावला त्यांची धानखरेदी. दाणा दाताखाली फोडायचा आणि ओल किती ते सांगायचं, ही त्यांची विद्या. पण ती धानापुरती ठेवतील तर साडभाऊ कसले! सासुरवाडीच्या नव्या भिंतीच्या गिलाव्याचा तुकडा चावून ते म्हणाले, "रंग आठ दिवसांनी मारा जी," आणि सासरे थांबले. मी, जवळच्याच गोरेगावचा विज्ञानशिक्षक, हेच बाष्पीभवनासकट समजावत होतो तेव्हा सासऱ्यांना डुलकी लागली होती.

दुर्बिणीचा आरसा हाताने घासायचं आम्ही दोघांनी एकदमच मनावर घेतलं. शर्यत अशी नव्हती, ती फक्त माझ्या मनात होती: सासऱ्यांना चंद्र आधी मी दाखवणार. काचेखाली प्लास्टरचा गोल तवा लागतो, त्यावर फरशीचे तुकडे बसवलेले. मध्ये पाणी आणि खरखरीत पूड टाकून काच फिरवत राहायची. घाईत मी तवा वाळूच दिला नाही. तिसऱ्या दिवशी तुकडे सुटू लागले. मी भरपूर डिंक ओतला, नीट दाबून बसावं म्हणून वर काच ठेवली आणि शाळेत गेलो. परत येतो तो तुकडे, तवा आणि आरसा असं एकत्र कुटुंब झालेलं!

बायकोने गुपचूप बहिणीला फोन लावला. तासाभरात साडभाऊंची मोटरसायकल दारात.

"काऊन जी मास्तर, पान्यात घासाची वस्तू डिंकानं जोडली?" तव्याचा कपचा तोडून त्यांनी चावला. "आतून कच्चा हाये. तुमाले घाई कायची होती?"

"परीक्षा जवळ आल्या," मी म्हणालो.

त्यांनी ते सगळं पाण्याच्या घमेल्यात भिजत घातलं, दुसऱ्या दिवशी लाकडाने हलकेच ठोकून काच सोडवली, आणि स्वतःचा खडखडीत वाळलेला, व्हार्निश मारलेला तवा माझ्यापुढे ठेवला. "ह्यावर घासा. माही काच थांबते." घेऊ नये असं वाटलं. घेतला.

माझा आरसा आधी झाला आणि दुर्बिणीत बसला. एका दिवेलागणीला सासुरवाडीच्या अंगणात सासऱ्यांनी चंद्र बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "वा मास्तर!" मग साडभाऊंनी डोळा लावला. "अरे, खड्डे दिसून राहिले ना जी!" म्हणत त्यांनी अख्खी गल्ली हाका मारून गोळा केली. "आमच्या मास्तरनं बनवला," हे प्रत्येकाला सांगितलं. तव्याचं नाव नाही. त्यांच्या तोंडावर हेव्याची एखादी बारीक रेघ तरी उमटते का, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. उमटली नाही. गल्ली पांगली, माझी पाळी आली, तोवर चंद्राची कोर झाडांमागे गेली होती.