सरसाचा वास

माझे धाकटे मामा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची चिंचोळी जागा. एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर वीस-बावीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. कुणी विचारलं, "मामा, यातली खरी वेळ कुठली?" तर म्हणायचे, "ज्याचा मालक घाईत असेल त्याची." लग्न केलं नव्हतं. माणसांत फारसे रमायचे नाहीत. वसंत लागला की मात्र दुपारी दुकानाला कुलूप लागायचं आणि मामा शिडी खांद्यावर टाकून रिकाम्या पेट्या टांगायला निघायचे.

वसंतात मधमाश्यांचं घर भरून वाहायला लागतं. मग जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. हा थवा एखाद्या फांदीला घोसासारखा लटकतो आणि टेहळणीच्या माश्या नवं घर धुंडाळत हिंडतात. त्यांना वाटेत एक बरी जागा दिसावी, एवढंच मामांचं काम. दोन पुरुष उंचीवर पेटी, तोंड सकाळच्या उन्हाकडे, दार अंगठ्याएवढं. आत गवती चहाच्या तेलाचा एक थेंब, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या पोळ्याची एखादी चौकट. "नवं कोरं घर कुणालाच आवडत नाही," मामा सांगायचे. "कुणीतरी राहून गेल्याचा वास हवा."

हे सगळं त्यांना शिकवलं थोरल्या मामांनी. ते सुतार. त्यांनीही पूर्वी माश्या पाळल्या होत्या, पण बारा वर्षांपूर्वी एकाएकी बंद केल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर "कंटाळा आला" म्हणायचे आणि रंधा उचलायचे.

थोरले मामा हिवाळ्यात गेले. महिन्याभराने मोठ्या मामींनी धाकट्यांना बोलावलं. कारखान्याच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. तीत जुन्या पोळ्यांच्या चौदा चौकटी होत्या, मेण काळंभोर झालेलं.

"हे तुम्हीच न्या भाऊजी," मामी म्हणाल्या. "ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आता माझ्याकडे ठेवून काय करू?"

मी बरोबर होते. झाकण उघडल्यावर वास आला तो तापवलेल्या सरसाचा, लाकडं चिकटवायच्या. सुताराच्या कारखान्यात तो नाही यायचा तर कुठे? कुणी त्याचा विचारही केला नाही. मामांचा चेहरा तर खजिना सापडल्यासारखा झाला होता.

त्या वसंतात त्यांनी त्यातल्या चौकटी घालून सात पेट्या टांगल्या. एरवी दोन भरल्या तरी ते आठवडाभर शीळ घालत फिरायचे. या वेळी तीन आठवड्यांत पाच भरल्या. शाळेच्या टाकीवरच्या पेटीत थवा शिरला तो मी पाहिला. आधी वीस-पंचवीस माश्या आल्या, मग आभाळ गुणगुणायला लागलं आणि हजारो माश्या त्या एवढ्याशा दारातून पाणी मोरीत उतरावं तशा आत उतरल्या. मामा खाली हात जोडून उभे होते. गावभर बोलबाला झाला, घड्याळवाल्याच्या हाताला गुण आहे.

एक पेटी त्यांनी दुकानावरच्या गच्चीत ठेवली. बाकीच्या चार वाटल्या. एक बेकरीवाल्याला, एक दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरना, एक शाळेच्या मास्तरांना आणि एक मला. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना रस्त्यात थांबवून बोलत होते. मला त्याचं फार बरं वाटायचं.

उन्हाळा चढला आणि माझ्या पेटीतल्या माश्या मंदावल्या. दारावर पूर्वीची लगबग राहिली नाही. आत डोकावले तर अळ्यांच्या कोठड्यांवरची मेणाची झाकणं, जी थोडी फुगीर असायला हवीत, ती खचली होती. काहींना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली होती. मामांना बोलावलं. घड्याळं बघायचं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं आणि चौकट तोंडाजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. मग नाक जवळ नेलं.

"काय झालंय?"

"ऊन लागलंय," ते म्हणाले. चौकट जागेवर ठेवताना त्यांची बोटं दोनदा चुकली. ज्या बोटांनी ते केसाएवढी स्प्रिंग बसवायचे, ती बोटं. पाणीसुद्धा न पिता गेले.

चार दिवसांनी माश्यांच्या तपासणीवर असलेल्या बाई दुकानात आल्या. मी डबा द्यायला तिथेच होते. कालव्यापलीकडे एक मोठी फळबाग आहे. तिच्या मालकाकडे साठ पेट्या, सगळं घर त्यावर चालतं. त्याच्या दोन पेट्यांत रोग निघाला होता, म्हणून बाई आजूबाजूच्या सगळ्या पेट्या तपासत निघाल्या होत्या.

आम्ही गच्चीवर गेलो. बाईंनी खचलेल्या एका कोठडीत आगकाडी खुपसली आणि हळूच वर ओढली. काडीबरोबर तपकिरी, चिकट तार निघाली, बोटभर लांब. ती अळी होती. म्हणजे कधीकाळी होती.

"वास येतोय?" बाईंनी विचारलं. "सरसासारखा?"

मला थोरल्या मामांची पत्र्याची पेटी आठवली.

"हा जुन्या पोळ्यातून येतो," बाई सांगू लागल्या. "याचं बीज मेणात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. रोगाने घर कमजोर झालं की शेजारच्या माश्या तिथला मध लुटायला येतात आणि मधाबरोबर रोग घरी नेतात. औषध नाही. जाळायचं आणि पुरायचं. ही पेटी मी बंद करते. तुमच्या आणखी कुठे आहेत?"

"नाही," मामा म्हणाले. "एवढीच."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही गप्प बसले. का बसले, हे मी स्वतःला अजून विचारते. लहानपणापासून ज्याला खोटं बोलताना पाहिलं नाही, त्याला परक्यासमोर खोटं पाडायला जीभ उचलली नाही, एवढंच सांगता येतं.

संध्याकाळी मामा मोठ्या मामींकडे गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "वहिनी, दादाने माश्या का सोडल्या?"

मामींनी पदराला हात पुसले. "सोडल्या कुठे? जाळल्या. मागे खड्डा खणला आणि तीन पेट्या त्यात जाळल्या. दोन दिवस जेवले नाहीत. बाकीच्या पेट्यांना लागण नव्हती बहुतेक, त्यांच्या चौकटी तेवढ्या ठेवल्या. म्हणाले, याला हात लावायचा नाही, मी बघतो काय करायचं ते. मला वाटलं, जीव जडलाय."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"लाज वाटली असेल, भाऊजी. तुम्ही त्यांना गुरू मानायचात ना."

मामा खाली बसले. कारखान्याच्या भुशात, धोतराची पर्वा न करता.

त्यानंतरचे दोन दिवस मला झोप नाही. माझ्या पेटीच्या दारात परक्या माश्या घुसताना दिसत होत्या, लुटीला आलेल्या. आत जाताना हलक्या, बाहेर पडताना जड. तिथून त्या उडायच्या आणि सरळ कालव्याच्या दिशेने जायच्या. मी दारात चिंध्या कोंबल्या. पण बेकरीमागे कोण कोंबणार? सिस्टरच्या अंगणात? बेकरीवाला तर वाटेत भेटून म्हणाला, "मामांना सांग, माश्या अशा येतायत-जातायत, जत्रा नुसती!" मला हसावं लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात उभे. दाढी केलेली, सदरा धुतलेला.

"चल," म्हणाले. "एकट्याने जमणार नाही."

आधी तपासनीस बाईंकडे गेलो. मामा म्हणाले, "मी खोटं बोललो. आणखी चार आहेत." बाईंनी पेन खाली ठेवलं. "तीन दिवस, काका," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सिस्टरनी सगळं शांतपणे ऐकलं आणि स्वतःच फावडं आणलं. मास्तरांचा चेहरा पडला. बेकरीवाल्याने मात्र तोंड सोडलं. "माझ्या घरात मरण आणून ठेवलंत आणि वर मिरवलात!" गिऱ्हाइकं ऐकत होती. मामा मान खाली घालून उभे राहिले. तो थांबल्यावर म्हणाले, "खरं आहे. आता खड्डा कुठे खणू, ते दाखव."

शेवटी कालवा ओलांडून बागेत गेलो. बागवाला पेट्यांच्या रांगेत उकिडवा बसला होता. एकूण नऊ पेट्यांत रोग निघाला होता. मामांनी चौकटींपासून आगकाडीपर्यंत सगळं सांगितलं, बाईंशी बोललेलं खोटंसुद्धा. बागवाल्याने वर पाहिलं.

"त्या तीन दिवसांत किती गेल्या असतील?"

"माहीत नाही," मामा म्हणाले.

"मलाही नाही," बागवाला म्हणाला आणि पाठ फिरवली.

जाळायचं ते दिवस मावळताना, कारण तेव्हाच सगळ्या माश्या घरी परतलेल्या असतात. माझ्या परसात खड्डा छातीएवढा खणला. बाईंनी दार बंद करून आत माश्या मारायचं औषध ओतलं. गुणगुण वाढली, एकदम उंच चढली आणि मग कमी कमी होत गेली. मामा पेटीवर तळहात ठेवून बसले होते, आवाज पूर्ण थांबेपर्यंत. मग आग. मध पेटला की काळा धूर येतो आणि त्याला गोड वास असतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही पाचही पेट्या जाळल्या, रिकाम्या राहिलेल्या दोन आणि उरलेल्या चौकटींसकट. मग बागेतल्या नऊ. तिथे मामांना कुणी बोलावलं नव्हतं. ते गेले आणि खड्डे खणत राहिले. कुणी हाकललंही नाही.

पुढे काय झालं? बागेतल्या आणखी चार पेट्या पावसाळ्यात गेल्या, मग रोग थांबला. बेकरीवाला वर्षभर बोलला नाही, मग घड्याळ बंद पडल्यावर बोलला. मामांनी पेट्या टांगणं सोडलं. दर वसंतात ते बाईंबरोबर घरोघर फिरतात, भिंग लावून झाकणं तपासतात, आणि रोग का येतो हे सांगताना सुरुवात स्वतःपासून करतात. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. त्यांना होत नाही असं नाही, पण ते सांगतात.

यंदा वसंतात एक थवा आपणहून आला आणि दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबाला लटकला. रस्त्यावर गर्दी जमली. लोक म्हणाले, "मामा, धरा ना!" मामांनी फोन उचलला आणि बागवाल्याला लावला. तो अर्ध्या तासात आला, स्वतःची नवी पेटी घेऊन. मामांनी शिडी धरली. बागवाला वर चढला, थवा अलगद पेटीत झटकला, खाली उतरला.

पेटी गाडीवर चढवताना त्याने न वळता विचारलं, "राणी दिसली का तुम्हाला?"

"नाही," मामा म्हणाले. "पण माश्या आत जातायत. असेल."

"चाळीस दिवस वेगळी ठेवीन. मग तपासायला या."

मामांनी मान डोलावली. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ते शिडी धरून तिथेच उभे होते.