बोंग-ची वहिनीच्या माश्या

युजिंगच्या उतारावर बोंग-ची वहिनीची आंब्याची बाग आणि माझी, मध्ये एक ओहोळ. मोहोर आला की आमच्याकडे झाडांखाली सडक्या मासळीच्या बादल्या ठेवतात. मधमाशी या मोहोराकडे ढुंकूनही बघत नाही. फळ धरतं ते घाणीवरच्या मोठ्या हिरव्या माशीच्या जिवावर. आणि माश्या पोसाव्यात तर वहिनीनंच. बाजारातून डोकी-आतडी आणायची, हातांनी कालवायची. मी आयतोबा, तिच्याच माश्या ओहोळ ओलांडून माझं काम करून जायच्या.

नवरा गेल्यापासून ती एकटीच. मुलगा बुन-हो तैपेईला. आमचं नवं वर्ष नेमकं मोहोरात येतं. गेल्या वर्षी आदल्या संध्याकाळच्या जेवणाला सगळे बसले, सुनेच्या वाडग्यावर माशी बसली, आणि बाईसाहेब नाकाला रुमाल लावून, नातीला उचलून गाडीत जाऊन बसल्या. त्या परत घरात आल्याच नाहीत.

यंदा नात यावी म्हणून वहिनीनं सणाच्या पंधरा दिवस आधी सगळ्या बादल्या खड्ड्यात ओतून वर माती लोटली. मी तणतणत गेलो. मोहोर वाया जाईल, म्हटलं, अक्कल गहाण टाकलीत का?

"जाऊ दे हो भाऊजी," ती म्हणाली. "आंबे काय, पुढच्या वर्षीही येतील."

मग तिनं तीन दिवस घर घासलं. लिंबाच्या सालींनी हात चोळचोळून लाल केले.

सणाच्या आदल्या संध्याकाळी बागेत घोंघों ऐकू आली. माश्याच! अळी मातीत शिरूनच कोष करते, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चाळीस वर्षं माश्या पोसणाऱ्या बाईनं अळ्यांनी बुजबुजलेली घाण वीतभर मातीखाली पुरली होती. घाईत भानच राहिलं नाही बिचारीला. मी मात्र खूश होऊन सांगायला धावलो.

टेबलावर चार वाडगे मांडलेले, मधोमध अख्खी वाफवलेली मासळी. वहिनी एकटीच बसलेली. बुन-होचा फोन येऊन गेला होता, नातीला ताप आहे म्हणे. खरा की खोटा, देव जाणे. दारातून माश्या आत येत होत्या, रिकाम्या वाडग्यांवर बसत होत्या. मी हात उगारला.

"नका हाकलू," ती म्हणाली. "दार उघडं बघून आल्यात." मग म्हणाली, "बसता का? भात गरम आहे."

मी म्हटलं, घरी सगळे खोळंबलेत. ते खोटं नव्हतं.

त्या साली दोन्ही बागा लगडल्या. माझ्या फांद्यांना तर टेकू द्यावे लागले. माझं दार तिच्या दारापासून शंभर पावलांवर आहे. त्या संध्याकाळी, चला वहिनी आमच्याकडे, एवढं म्हणायला माझी जीभ रेटली नाही, याची मला आजही लाज वाटते. सुचलं नव्हतं असं नाही. घरात बायको-पोरं जेवायला बसलेली, आणि वहिनीच्या हातांना अजून वास येत होता.