लाल दिसता कामा नये
मर्ल स्टाडलर विसाव्या वर्षी व्हिएतनामला गेला आणि तिथे वर्षभर त्याने लष्कराचा ट्रक हाकला. परत आल्यावर नेब्रास्कातल्या आपल्या गावी धान्याच्या कोठारावर तीस वर्षं काढली. युद्धाबद्दल कोणी विचारलं तर "रस्ते वाईट होते," एवढंच सांगायचा. पण गावातला माजी सैनिक वारला, की शवपेटीवरचा झेंडा उचलून त्याची त्रिकोणी घडी घालायची ती मर्लनेच, हे ठरलेलं.

घडी पुरी झाली की फक्त निळं आणि तारे दिसावेत. लाल पट्ट्याचा दोराही दिसता कामा नये. ज्याच्या स्वतःच्या शर्टाला कधी इस्त्री दिसली नाही, असा हा माणूस याबाबतीत कोणाची भीड ठेवत नसे. अकरा वर्षांपूर्वी घडी घालण्यातला त्याचा जोडीदार डेलबर्ट क्रूस याच्या घडीत बोटभर लाल राहिलं, तेव्हा मर्लने त्याला सगळ्यांदेखत बाजूला केलं. "तू बंदूक धर. हे तुझं काम नाही." डेलबर्टने मुकाट्याने बंदूक घेतली आणि पुढे ऊन असो की बर्फ, सलामीच्या रांगेत उभा राहिला. मैत्री तुटली नाही. माजी सैनिकांच्या क्लबात दर शुक्रवारी होणारे तळलेले मासे दोघं एकाच टेबलावर खात. तो विषय मात्र कोणीच काढला नाही.

मार्चमध्ये डेलबर्ट गेला. मर्लचे हात तोवर कापायला लागले होते. अंत्यविधीला सलामी देणाऱ्या माजी सैनिकांच्या तुकडीतला गस म्हणाला, "या वेळी राहू दे, मर्ल. मी घालतो."

"वर्नाने मला सांगितलंय," मर्ल म्हणाला. वर्ना म्हणजे डेलबर्टची बायको.

बंदुकांच्या तीन फैरी झाल्या. गसने ताऱ्यांकडची बाजू ताणून धरली आणि मर्ल पट्ट्यांकडून घडी घालत आला. शेवटचं टोक खोचताना हातांनी दगा दिला. कोपऱ्यात बोटभर लाल राहिलं. झेंडा उलगडून पुन्हा घडी घालायला हवी होती, पण हे हात पुन्हा तेच करणार हे त्याला कळत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुडघा टेकून त्याने झेंडा वर्नाच्या मांडीवर ठेवला. "देशाच्या वतीने..." इतकी वर्षं तोंडपाठ असलेले पुढचे शब्द फुटेनात. "वर्ना, लाल दिसतंय. गसला पुन्हा घालू दे."

वर्नाने त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"डेलबर्ट घरी चादरींवर सराव करायचा, ठाऊक आहे तुला? अकरा वर्षं. तू परत बोलावशील म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. "असू दे. असाच नेते मी."

एप्रिलमध्ये आणखी एक अंत्यविधी झाला. घडी गसने घातली. मर्ल सलामीच्या रांगेत डेलबर्टच्या जागी बंदूक घेऊन उभा होता.