फळ्यावरची अंडी

पंधरा ऑगस्टनंतरचा पहिला रविवार. वादातली रक्कम: मुलीमागे आठवड्याला दोन अंडी, वसतिगृहात मुली एकशे दहा, म्हणजे दोनशे वीस. हजर: अधीक्षिकाबाई, विज्ञानाचे सर, माझी दहावीतली मुलगी आणि मी. जव्हारच्या त्या शाळेचं नाव लिहीत नाही. मुलीला तिथूनच बोर्डाला बसायचं आहे.

मी मोखाड्याकडचा. खोडाळ्याहून एसटीने आलो, मांडीवर पिशवी, पिशवीत घरच्या कोंबड्यांची तीस अंडी, भाताच्या तुसात बसवलेली. मुलीनेच मागवली होती.

तिचा गुन्हा असा. शाळेत पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर सरांनी वर्गाला विचारलं, "प्रतिलेखन आणि भाषांतरण यांतला फरक परिसरातलं उदाहरण देऊन सांगा." मुलगी उभी राहिली.

"ऑफिसच्या कपाटात जेवणाचा आदेश आहे, तो डीएनए. डीएनए केंद्रकाबाहेर येत नाही, तसा हा कपाटाबाहेर येत नाही. बाई त्यातला आठवड्याचा भाग फळ्यावर उतरवतात, तो एमआरएनए. हे प्रतिलेखन, लिखाणाचं लिखाणच राहतं. स्वयंपाकघर म्हणजे रायबोझोम. तिथे फळा वाचून, अमिनो आम्लं जोडावीत तसे क्रमाने जिन्नस जोडायचे, की ताटात प्रथिन येतं. लिखाणाची वस्तू झाली. हे भाषांतरण."

टाळ्या पडल्या. पाहुणे खूश होऊन म्हणाले, "मग तुमच्याकडे दोन्ही व्यवस्थित चालतं ना?"

"प्रतिलेखन चालतं, साहेब. बुधवारी अंडं, रविवारी अंडं. बाईंचं अक्षर सुंदर आहे. भाषांतरण जूनपासून बंद आहे."

म्हणून मला बोलावणं. टेबलावर शाळा सोडल्याचा दाखला सहीपुरता तयार होता.

"मुलीला जीभ फार आहे तुमच्या," बाई म्हणाल्या. "घेऊन जा घरी. नाचणी लावेल."

मी सरांना विचारलं, "उदाहरण चुकलं का?"

"उदाहरण बरोबर आहे हो." सर टेबलाकडे बघत होते. "पण परिसर इतका जवळचा घ्यायचा नसतो."

आमच्याकडे मुलं खाण्यावाचून कशी वाळतात, हे मी लहानपणी शेजारच्या घरांत पाहिलं आहे. पण दहावीच्या मध्यात तिला दुसरी शाळा कुठली मिळणार?

"माफी लिहून दे," मी म्हणालो. बाईंनी सांगितलं, तिने उतरवलं. एक वेलांटी चुकली नाही. कागद पुढे सरकवून ती मला हळूच म्हणाली, "बाबा, नुसतं प्रतिलेखन केलंय."

मला हसू आलं नाही. बाईंचा हात अजून दाखल्यावरच होता. नजर माझ्या पिशवीकडे गेली.

"गावठी का हो?"

"हो."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पिशवी उचलून टेबलावर ठेवली. बाईंनी दाखला खणात टाकला.

अखेर दिलं ते एवढं: माफीपत्र एक, अंडी तीस. दोन्ही अधीक्षिकाबाईंना.