एक वीत उंचीची रेल

दादांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, पण आमच्या बाजूच्या निम्म्या पिणाऱ्यांचे पाय त्यांच्या कामावर टेकलेले असत. बारच्या काउंटरखाली पाय ठेवायला पितळी नळी असते ना, ती रेल बसवणं हा त्यांचा धंदा. गाव मालवणकडचं, आधी गिरणीत फिटर, मग चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्वतःचा गाळा. टेप खिशात असायची, पण काढतील तर शपथ. काउंटरपुढे उकिडवे बसायचे, करंगळी लादीला टेकवायचे आणि अंगठा वर ताणायचे. "एक वीत. पायाक टेको मिळालो काय माणूस ताठ रवता." सगळे त्यांना वीतवाले दादाच म्हणायचे.

नळी वाकवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. रिकामी वाकवली तर पिचते. म्हणून दादा तिच्यात वाळू ठासून भरायचे, दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करायचे आणि मग ती तापवून वाकवायचे. वाळू मात्र आधी कढईत खडखडीत भाजायला लागते. ओल राहिली तर आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं उडतं. दादा दर वेळी भाजलेली वाळू मुठीत धरून बघायचे. "बायकोवर ठेव, वाळूवर इस्वास ठेवचो नाय," असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्यांना एकच मुलगा, विजू. हात बापासारखा सफाईदार, पण पिण्यापायी सगळी वाट लागलेली. गाळा त्याने चालवावा, एवढीच दादांची इच्छा होती. मला एकदा म्हणाले, "लोकांच्या पायाक टेको देतंय रे मी, आणि माझ्याच झिलाचो पाय खय टेकत नाय." आणि हे सांगत होते ते मला. माझा धंदाच दारूचा.

माझा बोरीवलीचा बार तेव्हा उघडायचा होता. पत्रिका वाटून झालेल्या, काउंटर तयार, आणि रेलचा पत्ता नाही. मी तणतणत गाळ्यावर गेलो, तर दादा भलतेच खुशीत. विजूने चाळीस दिवस बाटलीला हात लावला नव्हता. कढईपुढे तोच बसला होता.

"भाजलंस रे?" दादांनी विचारलं.

"हो बाबा."

दादांचा हात सवयीने कढईकडे गेला आणि मागे आला. त्या दिवशी त्यांनी वाळू बघितली नाही. चाळीस दिवस सरळ वागलेल्या पोरावर संशय घेतल्यासारखं झालं असतं ना! वर मी डोक्यावर उभा, "चला ना दादा, आटपा!" म्हणत. त्यांनी नळी भरली, बुचं ठोकली, आगीवर धरली. बूच उडालं आणि तापलेली वाळू त्यांच्या दोन्ही डोळ्यांत गेली.

हॉस्पिटलात जो येईल त्याला दादा सांगत होते, "वाळू मीच भाजली व्हती. माझीच चूक." विजू पलंगापाशी उभा राहून ऐकत होता. मीही होतो. दोघांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. त्याच आठवड्यात विजू परत प्यायला लागला. माझी रेल दुसऱ्याच कोणीतरी पुरी केली.

दादांची नजर गेली ती गेलीच. मग ते संध्याकाळी काठी टेकत एकेका बारमध्ये यायला लागले. काउंटरपाशी वाकायचे, रेलवर हात ठेवायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत जायचे. गिऱ्हाइकं दचकून पाय मागे घ्यायची. "ओ काका, पाया काय पडताय?"

"नाय रे बाबा. रेल हलता काय बघतंय."

विजूच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं, लहानपणी पायावर नळी पडलेली. तो अंगठा लागला की दादांचा हात थांबायचा. "चल रे, जेवूक." सुरुवातीला विजू निमूट जायचा. नंतर नंतर ग्लास संपेपर्यंत बापाला तसंच उकिडवं बसवून ठेवायचा. अस्सा राग यायचा मला! पण धंद्याच्या वेळी तमाशा नको, म्हणून गप्प राहायचो.

एके दिवशी दादा दारात दिसताच विजूने रेलवरचा पाय उचलला आणि मागे सरकून भिंतीला चिकटला. दादांचा हात त्या रिकाम्या जागेवरून पुढे गेला, थेट टोकापर्यंत. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, "विजू इलो नाय काय रे आज?"

विजूने भिंतीपासून मला हात जोडले.

"नाही आला, दादा," मी म्हणालो.

दादांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. "बरा झाला," म्हणाले. "सुधारलो वाटता." उठता उठता त्यांनी वीत लावून रेलची उंची बघितली, मान डोलावली आणि काठी टेकत घरी गेले. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. विजू सुधारला असं शेवटपर्यंत समजत होते, की घरी पोचल्यावर त्याच रात्री त्यांना विजूच्या तोंडाचा वास आला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

विजू अजून येतो. परवा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "नीघ इथून. माझ्याकडे तुला यापुढे मिळणार नाही." तो एका शब्दाने भांडला नाही. पाय खाली घेतला आणि बाहेर पडला. मी दारातून बघत होतो. रस्ता ओलांडून तो समोरच्या बारमध्ये शिरला, काउंटरपाशी उभा राहिला आणि त्याने डावा पाय वर ठेवला. ती रेल मात्र दादांनीच बसवलेली आहे.