एकोणचाळीस हजार ओळी

टायपिस्टबाईंच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते, तेव्हा रक्तपेढीत हुकूम आला: सगळ्या रक्तदात्यांची माहिती डेटाबेसमध्ये हवी. माहिती होती, पण साध्या टेक्स्ट फायलींत. बावीस वर्षांत बाईंसह चौघींनी टाइप केलेल्या, दर रक्तदानाला एक अशा एकोणचाळीस हजार ओळी. नाव, रक्तगट, तारीख, फोन, सगळं एका ओळीत, जिच्या तिच्या मर्जीप्रमाणे.

बाहेरून आलेल्या इंजिनियरने दोन दिवसांत हात टेकले. "निम्म्या ओळी कशातच बसत नाहीत. पुन्हा टाइप करा. वर्षभर लागेल."

"एकदा केलेलं काम पुन्हा?" बाई म्हणाल्या. "मुळीच नाही."

त्यांची सून प्रोग्रॅमर. रविवारी सकाळी तिने सासूबाईंना शेजारी बसवलं. "याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, आई. आकडा कुठला ते सांगायचं नाही. दोन आकडे, तिरकी रेघ, पुन्हा दोन आकडे, एवढी ठेवण सांगायची. तसं जिथे दिसेल ते उचलून तक्त्याच्या रकान्यात ठेवता येतं."

"म्हणजे चेहरा न बघता चालीवरून माणूस ओळखायचा."

"अगदी तसंच!"

पहिल्याच खेपेला फजिती झाली. चौघींतली एक तारखेत टिंब द्यायची, म्हणून बाईंनी नमुन्यात टिंब लिहिलं, आणि तारखेच्या रकान्यात फोन नंबरांचे तुकडे येऊन बसले. सून हसून हसून बेजार. "इथे टिंब म्हणजे कुठलंही अक्षर! नुसतं टिंब हवं तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्या."

"जळ्ळं मेलं ते टिंब," म्हणत बाईंनी रेघ दिली.

मग मात्र हात बसला. कोण आडनाव आधी लिहायची, कोण फोनमध्ये मोकळी जागा सोडायची, बाईंना सगळं तोंडपाठ. चौघींसाठी त्यांनी चार नमुने लिहिले. तरी तीन हजार ओळी रक्तगटावाचून उरल्या. बाईंनी चष्मा पुसून त्या पुन्हा वाचल्या आणि एकदम ओरडल्या, "अगं, ही तर आमच्या चौघींतली थोरली! तिच्या कीबोर्डचं 'ओ' अडकायचं, ती शून्य दाबायची!"

नमुन्यात 'ओ किंवा शून्य' एवढी भर पडली. शेवटी सतरा ओळी राहिल्या. त्या बाईंनी हाताने भरल्या.

डॉक्टरांनी सगळ्यांदेखत परीक्षा घेतली. "ओ निगेटिव्ह, चार महिन्यांत रक्त न दिलेले." डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दोनशे अडुसष्ट नावं पडद्यावर. इंजिनियर खुर्ची ओढून जवळ आला. "बाई, हे नमुने मला द्याल?"

"देते की. पण बसून शिकायचं. नुसतं उतरवून न्यायचं नाही."

त्याच दुपारी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह लागलं. बाईंनी स्वतः फोन लावले. तिसऱ्या फोनवर एक सुतार म्हणाला, "आलोच." अर्ध्या तासात तो दारात उभा होता, दंडावर अजून लाकडाचा भुसा. बाईंनी त्याचं नाव कितीदा टाइप केलं होतं. माणूस आज पहिल्यांदा पाहिला.

"या, या," त्या उठून उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला बारा वर्षांपासून ओळखते."